वही हलते, माणसे हलवावी लागतात



एका शाळेतील दहा शिक्षक मिळून एकच वही लिहीत आहेत, अशी कल्पना करा. कोणी प्रश्नपत्रिका उतरवतो, कोणी विज्ञानाचे प्रयोग, कोणी तासिकांचे वेळापत्रक. ज्याला चूक दिसेल त्याने ती सुधारावी, आणि कोणी काय सुधारले त्याची नोंद आपोआप राहावी. संगणकावरच्या अशा सामाईक वहीला 'विकी' म्हणतात. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. पुढे हाच मार्ग धरून विकिपीडिया निघाला, आणि २००३ च्या मे महिन्यात मराठी विकिपीडियाही सुरू झाला.

आजवर पुष्कळ संस्थांची ही वही त्यांच्याच कचेरीतील संगणकावर असे. आता ती 'क्लाउड'वर जाते आहे. क्लाउड म्हणजे आभाळातले ढग नव्हेत, बरं का! आपला कापूस घरच्या खोलीतून काढून दुसऱ्याच्या गोदामात भाडे भरून ठेवावा, तसा हा प्रकार आहे. कधी आपण सोयीसाठी जातो, कधी जावेच लागते. 'कॉन्फ्लुएन्स' नावाची अशी वही पुरवणाऱ्या अ‍ॅटलासियन कंपनीने आपल्या 'सर्व्हर' प्रकाराची देखभाल १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबवली. पुष्कळांना बिऱ्हाड हलवणे भाग पडले.

या स्थलांतरात पाने हलवणे तितकेसे अवघड नसते. अवघड असते ती माणसे हलवणे. कोणाचे कोणते खाते, कोणाला कोणती खोली उघडी, आणि मुख्य किल्ली कोणाजवळ, हा खरा प्रश्न.

पहिली अडचण नावाची. आपल्या अमरावती जिल्ह्यात 'देशमुख सर' अशी हाक मारली तर किती जण वळून पाहतील? एका शाळेत 'देशमुख' या नावाने खाते उघडले तर भागते. चार शाळांच्या वह्या एकत्र केल्या की घोटाळा होतो. हे काही कल्पनेतले नाही. विकिपीडियाच्या निरनिराळ्या भाषांत पूर्वी निरनिराळी खाती असत. मराठीत एका नावाने एक माणूस, तर इंग्रजीत त्याच नावाने दुसराच. एप्रिल २०१५ मध्ये सर्वांची खाती एकच करण्याचे काम पुरे झाले. तेव्हा जेथे नावे भिडत होती तेथे एकाकडे नाव राहिले आणि दुसऱ्याच्या नावाला त्याच्या विकीची खूण जोडली. मराठीसाठी ती 'एमआरविकी' अशी होती. नाव बदलले, पण त्या माणसाचे आधीचे लिखाण त्याच्याच खात्यावर राहिले. न्याय तो हाच.

नव्या गोदामात माणूस बहुधा ई-मेलच्या पत्त्यावरून ओळखला जातो. आता खेड्यातील शाळेत एकच ई-मेल तिघे-चौघे वापरतात. मग यंत्राच्या लेखी ते चौघे मिळून एकच माणूस! म्हणून हलण्यापूर्वी यादी करावी: नाव, स्वतःचा ई-मेल, काम आणि सध्या नोकरीत आहे की नाही. प्रत्येक पत्त्यावर एक पत्र धाडून उत्तर येते की नाही तेही पाहावे. जुने पासवर्ड सहसा सोबत येत नाहीत. प्रत्येकाला नवा करावा लागतो. अशा वेळी फोन करून 'तुमचा ओटीपी सांगा' म्हणणारे भेटतात. त्यांना साफ नाही म्हणा.

दुसरी अडचण सोडून गेलेल्यांची. कोणी निवृत्त झाले, कोणाची बदली झाली. त्यांची खाती पुसून टाकावीत का? शिक्षक मंडळींना याचे उत्तर घरचेच आहे. आपले जनरल रजिस्टर आठवा. मुलगा दाखला घेऊन गेला म्हणून त्याचे नाव कोणी खोडतो का? शाळा सोडल्याची तारीख व कारण लिहितो, नोंद कायम राहते, आणि त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाही. सातबाऱ्यावरही जुन्या मालकाच्या नावाला कंस होतो. खात्याचेही तसेच करावे: दार बंद, नोंद शाबूत. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. म्हणून त्याआधी पदवी घेतलेल्यांची नागपूरची पदवी काही पुसली गेली नाही. शिवाय क्लाउडवरचे भाडे पुष्कळदा माणशी असते. गेलेल्यांची दारे उघडी ठेवली तर भाडेही भरा आणि चोरीची भीतीही बाळगा!

तिसरी अडचण अधिकारांची. प्रश्नपत्रिकेचे पान परीक्षेआधी सगळ्यांना उघडे असून कसे चालेल? जुन्या ठिकाणी 'परीक्षा समिती' नावाचा गट असतो. नव्या ठिकाणी त्याच नावाचा दुसरा गट आधीच असला तर दोन्ही एकत्र होऊन भलत्यालाच किल्ली मिळू शकते. म्हणून गटांची नावे आधी ताडून पाहावीत. दोन-चार माणसे आणि थोडी पाने नेऊन चाचणी घ्यावी. मग एक दिवस ठरवून जुनी वही फक्त वाचण्यापुरती ठेवावी. नाहीतर अर्धे लोक इकडे लिहितात, अर्धे तिकडे.

शेवटची गोष्ट मुख्य किल्लीची. ती एकट्याच्या मोबाइलवर ठेवू नका. तो माणूस निवृत्त झाला, फोन हरवला, की सगळी शाळा दारात उभी, आणि जो तो विचारतो, 'काहून बाप्पा, किल्ली कोनाजवळ हाय?' किल्ली दोघांजवळ असावी, आणि पदाचा चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टरबरोबर तीही लेखी सोपवावी.

यंत्र नवे आहे, पण शिस्त आपल्या परिचयाचीच आहे. एखाद्या शिक्षिकेने वीस वर्षे खपून लिहिलेली टिपणे उद्या 'अज्ञात' माणसाच्या नावावर दिसली, तर कागद एकही हरवलेला नसतो, पण माणसाचा विश्वास हरवतो. आणि मग सामाईक वहीत कोणी लिहीत नाही. तेव्हा वही हलवा, जरूर हलवा. पण आधी माणसांची मोजदाद करा.