डॅश-सीने गिळलेली नावं

आजचा विषय आहे आयकॉन्व्ह. टर्मिनलवर चालणारं हे टूल मजकुराचं एन्कोडिंग बदलतं. डॅश-एफपुढे फाइल सध्या कशात आहे ते लिहायचं, डॅश-टीपुढे कशात हवी ते.

आमच्या टीमसाठी याची माहिती मीच लिहिली होती. ‘एरर आली तर डॅश-सी लावा,’ एवढं लिहून मोकळा झालो. एका सहकाऱ्याने तेच केलं, यूटीएफ-८ मधून आयएसओ-८८५९-१ मध्ये. कमांड गुपचूप चालली. फाइल उघडली तर मराठी नावांचा रकाना रिकामा! त्या एन्कोडिंगमध्ये देवनागरी नाहीच, आणि डॅश-सी म्हणजे जे बसत नाही ते गाळून टाक. मूळ फाइल शिल्लक होती म्हणून वाचलो.

आता तिथे तीन गोष्टी लिहिल्यात. एक, डॅश-सीने अक्षरं गळतात. दोन, आउटपुट त्याच फाइलवर वळवू नका; शेल आधी ती रिकामी करतं. तीन, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर याने सुटत नाही, कारण तिथे आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात.

तुम्हीही एखाद्या टूलची माहिती लिहाल, तेव्हा कुठला ऑप्शन काय घालवतो ते आधी लिहा. चला, भेटू पुढच्या भागात!