बंदुकीची बैठक

निवेदकांनी विषय ‘नेमबाजीतलं यश’ असा जाहीर केला, पण वक्ते बोलायला आले होते रायफलच्या दस्त्याबद्दल. कोल्हापूरकरांना तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे काय सांगायचे, म्हणत त्यांनी २०१० चं म्युनिकचं जगज्जेतेपद आणि २०२४ चं ऑलिंपिक कांस्य दोन वाक्यांत आटोपलं. ५० मीटरवरच्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं, एवढं मात्र चिमटीत धरून दाखवलं.

गोळ्या विखुरल्या की नेमबाज नळी बदलतो, काडतुसं बदलतो. रायफलचा लोखंडी भाग, म्हणजे ॲक्शन, दस्त्याच्या लाकडात नीट बसलाय का, म्हणजेच त्याची बैठक, हे कोणी बघत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. तपासायचं असं: रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, नळी आणि दस्त्याच्या फटीवर बोट ठेवा आणि पुढचा स्क्रू सैल करा. बोटाखाली हालचाल जाणवली, तर ॲक्शन ताणाखाली वाकलेली आहे.

‘‘पावसाळ्यात आमची दारं फुगतात, तसंच की!’’ मागून कोणीतरी म्हणालं. सभागृह हसलं. वक्तेही हसले आणि थेट ली-एनफिल्डवर गेले. ते प्रकरण लांबलं, पण ऐकण्यासारखं होतं. त्या फौजी रायफलच्या नळीला जवळजवळ तोंडापर्यंत लाकडाचं वेष्टण. नंबर चार मॉडेलमध्ये तर पुढचं लाकूड नळीला खालून साधारण १ ते ३ किलोच्या जोराने रेटत असे, आणि आर्मरर तो रेटा मुद्दाम साधून देत. आजचा नेमबाज नळी अधांतरी ठेवतो, कागदाची पट्टी खालून सरकली पाहिजे म्हणतो. दोन्ही रीती चालतात, कारण दर गोळीला ॲक्शन त्याच जागी परतते. त्यांचा सगळा जीव या एका वाक्यात होता.

‘‘आता ॲल्युमिनियमचे दस्ते आलेत, लाकूड कशाला?’’ एका तरुणाने विचारलं. वक्त्यांचा आवाज किंचित चढला. धातूच्या बैठकीतही फट राहू शकते, तिथेही इपॉक्सीचा पातळ थर देणारे आहेत!

तेवढ्यात निवेदकांनी घड्याळ दाखवलं. इपॉक्सीची बैठक देण्याची खरी कृती उरलेल्या पाच मिनिटांत आली. अमेरिकेत हौशी लोक ती घरच्या टेबलावर करतात. आपल्याकडे बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच, हे त्यांनी ठासून सांगितलं. बैठकीचं लाकूड थोडं कोरायचं. चापाची खाच आणि भोकं मातीने बुजवायची, नाहीतर इपॉक्सी आत शिरून ॲक्शन कायमची अडकते. धातूला मेणाचा हात द्यायचा. धक्का झेलणाऱ्या लगच्या पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या अंगांना टेप लावायची. मागचं अंग उघडं, कारण तेच इपॉक्सीला टेकायचं असतं. मग इपॉक्सी भरून ॲक्शन बसवायची. स्क्रू हलकेच लावायचे. आत्ताच करकचून आवळले, तर ताण त्या थरातच गोठतो.

टॉर्क रेंचबद्दल ते सांगू लागले, तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. तो तरुण मात्र वही घेऊन मंचाच्या पायरीशी उभा राहिला आणि उरलेलं त्याने तिथे लिहून घेतलं.