मोजणी हरलेल्या माणसाला पटली पाहिजे

बंगळुरूहून बोलतोय.

आजचा विषय आहे मतमोजणी. मतदानाबद्दल आपण भरपूर बोलतो. टक्केवारी किती, रांगा किती, शाई लावलेल्या बोटाचे फोटो किती. मोजणीबद्दल मात्र आपण फक्त निकालाच्या दिवशी बोलतो, तेही आपला उमेदवार पडला तर. जिंकणाऱ्याला मोजणी कशी झाली याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो गुलाल उधळत घरी जातो. प्रश्न असतो पडलेल्याचा, आणि त्याला मत दिलेल्या हजारो लोकांचा. म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. मोजणी अशी व्हावी की हरलेल्या माणसालाही ती पटावी. तो नाराज असेल, चिडलेला असेल, पण "माझ्यासमोर मोजलं, कागद माझ्या हातात आहे" एवढं त्याला म्हणता आलं पाहिजे.

मी राजकारणातला माणूस नाही. आयुष्य फौजेत गेलं. फौजेत मोजणीला फार महत्त्व. प्रत्येक युनिटचं शस्त्रागार असतं, त्याला आम्ही 'कोत' म्हणतो. शंभर रायफली असायला हव्यात आणि शंभर भरल्या, एवढ्यावर तिथे कोणी सही करत नाही. एकेका रायफलीचा नंबर रजिस्टरशी ताडून पाहतात. शिवाय अधूनमधून मोजायला दुसरा अधिकारी येतो, कारण ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याच्या एकट्याच्या शब्दावर साठा धरायचा नाही, असा नियम. यात कोत सांभाळणाऱ्या हवालदाराचा अपमान नसतो. उलट त्याचं संरक्षण असतं. उद्या काही कमी निघालं, तर नंबर आणि सह्या त्याच्या बाजूने बोलतात.

मोजणीच्या हॉलमधला नियमही मुळात हाच आहे. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष 'फॉर्म १७ सी' भरतो. कोणत्या नंबरचं यंत्र होतं, कागदी सीलचे नंबर काय, एकूण मतं किती नोंदली गेली, हे सगळं त्यात असतं. त्याची प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधीला द्यावी लागते. मोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिट टेबलावर आलं, की पलीकडे जाळीमागे बसलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने हातातल्या प्रतीशी नंबर, सील आणि एकूण मतं ताडून पाहायची. जुळलं तर पुढे जायचं. जुळलं नाही, तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्यायची. नियम चांगला आहे. पण प्रत हातात नसेल किंवा ती वाचता येत नसेल, तर जाळीमागे बसलेला माणूस नुसता प्रेक्षक.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. सुरुवात आमच्या बंगळुरूपासूनच करतो. १३ मे २०२३, कर्नाटक विधानसभेचा निकाल. राज्याचा निकाल दुपारीच स्पष्ट झाला होता, पण जयनगरचा काही लागेना. काँग्रेसच्या सौम्या रेड्डी पुढे असल्याची बातमी आली, मग फेरमोजणीची मागणी झाली, कॉलेजबाहेर दोन्ही पक्षांची गर्दी जमली आणि रात्री उशिरा भाजपचे सी. के. राममूर्ती विजयी जाहीर झाले. मतं ५७,७९७ विरुद्ध ५७,७८१. फरक सोळा मतांचा! वाद कशावरून झाला? यंत्रांवरून नव्हे. आधी बाद ठरवलेल्या टपाली मतपत्रिकांचा पुन्हा विचार झाला, त्यावरून.

दुसरं उदाहरण मुंबईचं. ४ जून २०२४, वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघ. यंत्रांवर ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ मतं आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. नऊ लाख मतांत एका मताचा फरक. मग टपाली मतं धरली. वायकर १,५५०, कीर्तिकर १,५०१. वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका होत्या १११. कीर्तिकर मुंबई उच्च न्यायालयात गेले, डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली.

तिसरं गुजरातचं. २०१७ साली धोळका मतदारसंघात भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी जिंकले. बाद ठरवलेल्या टपाली मतपत्रिका ४२९. मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने निवडणूकच रद्द केली, आणि काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

तीन राज्यं, तीन निवडणुका, आणि तिन्ही ठिकाणी काटा अडला तो टपाली मतपत्रिकेवर. ही मतपत्रिका कोणाची असते? निवडणुकीच्या कामावर असलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांची, घरून मत देणाऱ्या वृद्धांची आणि दिव्यांगांची, आणि आमच्या जवानांची. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ही मतपत्रिका टपालाने यायची. पुढच्या चौकीवर पोचेपर्यंत निकाल रेडिओवर ऐकून झालेला असे. २०१६ मध्ये नियम बदलला. आता मतपत्रिका संगणकावरून युनिटपर्यंत येते, जवान ती छापून घेतो, खूण करतो, आतल्या पाकिटात घालतो, घोषणापत्रावर सही करतो, अधिकारी ती साक्षांकित करतो, मग सगळं बाहेरच्या पाकिटात जातं. ते पाकीट मोजणी सुरू होण्याच्या वेळेआधी पोचावं लागतं. साक्षांकन राहिलं, घोषणापत्र चुकीच्या पाकिटात गेलं, खूण दोन नावांच्या मधोमध पडली, की मत बाद. सियाचीनला बसलेल्या पोराने मत कोणाला दिलं, हे पाहायचीही वेळ येत नाही.

बाद करूच नका, असं मी म्हणत नाही. नियम नियम आहे. पण बाद केलेली प्रत्येक मतपत्रिका सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवावी, कारण एका ओळीत लिहावं, आणि त्या यादीची प्रत लगेच सगळ्यांच्या हातात द्यावी. दोनशे मतपत्रिकांची यादी म्हणजे चार-पाच पानं. एवढ्या कागदाने पाच वर्षांची कोर्टबाजी वाचू शकते.

निवडणूक आयोगाने या बाबतीत काही पावलं उचलली आहेत, तीही सांगितली पाहिजेत. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी त्या सगळ्या मतपत्रिका पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आणखी एक सूचना काढली. टपाली मतांची मोजणी पुरी झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. म्हणजे शेवटच्या क्षणी कुठून तरी टपाली आकडा आला आणि निकाल फिरला, असा संशय येऊ नये. चांगलं पाऊल.

आता फेरमोजणीकडे येऊ. आपल्याकडे फरक कितीही कमी असला तरी यंत्रांवरच्या मतांची फेरमोजणी आपोआप होत नाही. निवडणूक संचालन नियमांतला ६३वा नियम सांगतो, की अंतिम आकडे वाचून दाखवल्यावर, निकाल जाहीर होण्याआधी, उमेदवाराने कारणं देऊन लेखी अर्ज करायचा. निर्णय निवडणूक अधिकाऱ्याचा, आणि अर्ज नाकारला तर कारणं त्यानेही लेखी द्यायची. हा अवधी मिनिटांचा असतो. बाहेर फटाके वाजत असतात. ज्याने अर्जाचा मसुदा आधी तयार ठेवला नाही, त्याची वेळ गेली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत फरक ठरावीक टक्क्याच्या आत असला की फेरमोजणी आपोआप होते, कोणी मागायची गरज नाही. आपणही असा आकडा कायद्यात का घालू नये? अधिकाऱ्यावरचा दबावही त्याने कमी होईल, कारण त्याला कोणाच्या बाजूने निर्णय द्यावा लागणार नाही.

दुसरा एक नियम फार कमी लोकांना माहीत आहे, ५६ डी. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी उमेदवार लेखी करू शकतो, आणि यंत्राचा आकडा व चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा धरला जातो. एरवी प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठी काढून पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजतात, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ठरवून दिलं. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा, ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी नाकारली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं सात दिवसांत अर्ज करून तपासून घेण्याची मुभा दिली.

हे सांगताना मला माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी आठवतं. २०२४च्या विधानसभेनंतर गावाने आपल्या आकड्यांवर शंका घेतली आणि मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. त्यांचा उमेदवार तर निवडून आला होता, तरीही! प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झालं नाही. गावाने केलं ते कायद्यात बसत नव्हतं, हे खरं. पण जमावबंदीने गर्दी पांगते, शंका पांगत नाही. नियमात राहून त्याच केंद्राच्या चिठ्ठ्या लोकांसमोर मोजण्याची सोय असती, तर प्रश्न एका दुपारी मिटला असता.

आमच्या बंगळुरूपासून जवळच कोलार जिल्ह्यात मालूर मतदारसंघ आहे. २०२३ मध्ये काँग्रेसचे के. वाय. नंजेगौडा तिथे २४८ मतांनी जिंकले. भाजपचे उमेदवार उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मोजणीचं व्हिडिओ चित्रीकरण मागितलं, ते प्रशासनाला सादर करता आलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द करून फेरमोजणीचा आदेश दिला. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द करण्याला स्थगिती दिली, फेरमोजणी मात्र होऊ दिली, आणि निकाल सीलबंद लिफाफ्यात ठेवायला सांगितलं. पाच वर्षांच्या मुदतीतली जवळजवळ अडीच वर्षं गेल्यावर फेरमोजणी! जिंकला तो संशयाखाली वावरला, हरला तो कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. चित्रीकरण जपून ठेवलं असतं, तर दोघांपैकी एकाचं तोंड तेव्हाच बंद झालं असतं.

म्हणूनच चित्रीकरणाच्या नव्या नियमांबद्दल मला काळजी वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलला आणि अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांना पाहायला मिळण्यावर मर्यादा आली. मे २०२५ मध्ये आयोगाने सांगितलं, की निवडणूक याचिका दाखल झाली नसेल तर चित्रीकरण ४५ दिवसांनी नष्ट करावं. याचिकेची मुदतही ४५ दिवसांचीच. म्हणजे याचिका करायची की नाही हे ठरवण्यासाठी जो पुरावा पाहायला हवा, तो पाहायला मिळत नाही, आणि मुदत संपली की तो उरत नाही. मतदारांच्या गोपनीयतेचं कारण दिलं जातं. मतदान केंद्रातल्या चित्रीकरणाला ते काही प्रमाणात लागू पडेल. मोजणीच्या हॉलमध्ये मात्र मतदार नसतोच. तिथे कोणाची गोपनीयता?

काही जण म्हणतील, यंत्रं काढून टाका, सगळे प्रश्न संपतील. ही यंत्रं बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी एक, भारत इलेक्ट्रॉनिक्स, इथे जालहळ्ळीत आहे. यंत्राची बाजू मला इथे मांडायची नाही, विरोधही करायचा नाही. कर्नाटक मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घेण्याची शिफारस केली आहे. घ्या जरूर. पण वर सांगितलेली तिन्ही मोठी भांडणं कागदी मतपत्रिकांचीच होती, हे विसरू नका. कागद आला की बाद मतं वाढतील, बाद कोणी आणि का केली हा प्रश्न वाढेल. साधन कुठलंही असो, ताडून पाहणारा माणूस आणि त्याच्या हातातला कागद लागणारच. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये हेच सांगितलं, की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत.

अफवांपासूनही सावध राहा. वायव्य मुंबईच्या वेळी मोबाइलवर ओटीपी येतो आणि त्याने यंत्र उघडतं, अशी बातमी देशभर फिरली. मतदान यंत्राला ओटीपी लागत नाही. ओटीपी लागतो तो आकडे भरण्याच्या संगणक प्रणालीत शिरण्यासाठी. मोजणी केंद्रात मोबाइल वापरला गेल्याचा गुन्हा नोंदला गेला, तो वेगळा आणि गंभीर मुद्दा होता. पण खोट्या मुद्द्याच्या गोंगाटात खरा मुद्दा बुडाला. तसंच मतदार यादीचे आरोप, उदाहरणार्थ इथल्या महादेवपुऱ्याबद्दल २०२५ मध्ये राहुल गांधींनी केलेले आणि आयोगाने फेटाळलेले, हा मोजणीपेक्षा वेगळा विषय आहे. दोन्हींची भेळ केली तर एकाचंही उत्तर मिळत नाही.

शेवटी, आपण काय करायचं? सरकारकडे आणि आयोगाकडे मागण्या चार. बाद टपाली मतांची कारणांसह यादी, फॉर्म १७ सी केंद्रनिहाय संकेतस्थळावर, कमी फरकाला आपोआप फेरमोजणी, आणि मोजणीचं चित्रीकरण उमेदवारांना मुदतीच्या आत उपलब्ध. आणि आपल्या स्वतःकडे मागणी एकच. तुमच्या भागात निवडणूक लागली की ज्या उमेदवारावर तुमचा विश्वास आहे, मग तो अपक्ष का असेना, त्याला जाऊन विचारा, "मोजणी प्रतिनिधी ठरलेत का? मी बसतो." निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, माजी सैनिक, घर सांभाळून चोख हिशेब ठेवणाऱ्या बायका, यांच्याइतके चांगले प्रतिनिधी पक्षांना मिळणार नाहीत. सोबत १७ सीच्या प्रती, दोन पेनं आणि कोरे अर्ज न्या. सकाळी लवकर पोचा. शेवटचं यंत्र मोजून होईपर्यंत जागा सोडू नका, आपला उमेदवार वीस हजारांनी मागे असला तरीही. आपला आकडा लिहून, सही करूनच बाहेर या.

जय हिंद.