लहानांशीं बोलणारा आवाज



धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा रस्त्यावर, सोनगीर नांवाचें गांव आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांकरितां त्याची जुनी ख्याति. तेथें मोठा हंडाहि मिळतो आणि लहानशी लोटीहि मिळते. परंतु लोटी लहान आहे, तेव्हां ती गळकी असली तरी चालेल, असें कोणी गिऱ्हाईक म्हणत नाहीं. मुलांकरितां होणाऱ्या कामाला मात्र हा न्याय लावण्यास भलीभलीं सुशिक्षित माणसें विसरतात. ‘मुलांचेंच तर आहे, चालेल!’ हें वाक्य घरोघर ऐकूं येतें. ज्यांच्या आयुष्यक्रमानें या वाक्याला चोख उत्तर दिलें, त्या सई परांजपे यांच्या कार्याचा परिचय करून देण्याचें येथें योजिलें आहे.

सईबाईंचा जन्म १९ मार्च १९३८ रोजीं लखनौ येथें झाला. रँग्लर र. पु. परांजपे हे त्यांचे आजोबा, आणि लेखिका व संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या शकुंतलाबाई परांजपे या त्यांच्या मातोश्री. ‘मुलांचा मेवा’ हें सईबाईंचें गोष्टींचें पुस्तक प्रसिद्ध झालें, त्या वेळीं त्या अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. मुलांसाठीं लिहिणारे बहुतेक लेखक आपल्या हरवलेल्या बालपणाचा माग काढीत मागें जातात. येथें लेखिकाच बालवयांत होती!

पुणें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. पुढें याच केंद्रावर सईबाई निवेदिका म्हणून काम करूं लागल्या, आणि लौकरच ‘बालोद्यान’ या मुलांच्या कार्यक्रमांत रमल्या. ‘आनंद’ मासिकाचे संपादक गोपीनाथ तळवलकर हे या कार्यक्रमांत ‘नाना’ होते.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हे. शिक्षकापुढें वर्ग बसलेला असतो. कोण जांभई देतो, कोणाचे डोळे चमकतात, हें त्याला दिसतें. ध्वनिक्षेपकापुढें बसणाऱ्यास यांतलें कांहींच दिसत नाहीं. न दिसणारें मूल मनश्चक्षूंपुढें उभें करावें लागतें, आणि त्याच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलावें लागतें. प्रौढ श्रोता कंटाळला तरी भिडेखातर ऐकत राहील. मूल सरळ उठून खेळावयास जाईल. त्याला लाडिक बोबडे बोल नकोत आणि उपदेशाचा काढाहि नको. त्याला हवी असते गोष्ट, आणि ती सांगणाऱ्याला स्वतःला गोडी वाटत आहे कीं नाहीं, हें तें पहिल्या दोन वाक्यांतच ओळखतें.

सईबाईंनीं १९६३ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयांतील शिक्षण पूर्ण केलें. दिल्लींत दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला होता, आणि १९७६ पर्यंत हें खातें आकाशवाणीचेंच अंग होतें. तेथें निर्माती व दिग्दर्शिका म्हणून त्यांनीं अनेक वर्षें काम केलें. ‘पत्तेनगरीत’, ‘शेपटीचा शाप’, ‘झाली काय गंमत’ हीं त्यांचीं बालनाट्यें. ‘जादू का शंख’ (१९७४) आणि ‘सिकंदर’ (१९७६) हे बालचित्रपट.

पुढें १९८० चा ‘स्पर्श’, १९८१ चा ‘चष्मेबद्दूर’ आणि १९८३ चा ‘कथा’ या चित्रपटांनीं त्यांचें नांव देशभर झालें. ‘स्पर्श’मध्यें अंधशाळेंतील मुलांचें जग आहे. न पाहणाऱ्या श्रोत्याशीं केवळ आवाजानें नातें जोडण्याची विद्या ज्यांनीं आकाशवाणीवर अभ्यासिली, त्यांनीं हा विषय इतक्या समजुतीनें हाताळावा, यांत नवल तें काय? २००६ सालीं त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

परंतु ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. मुलांचें काम ही पुष्कळांना वर चढण्याची पायरी वाटते. वर गेल्यावर पायरीकडे कोण पाहतो? सईबाईंनीं तसें केलें नाहीं. बालचित्र समितीचें अध्यक्षपद त्यांनीं दोन वेळां सांभाळलें, आणि कीर्ति मिळाल्यानंतरहि, २००० सालीं, ‘भागो भूत’ हा मुलांचा चित्रपट केला.

१९५५ सालीं स्थापन झालेली ती बालचित्र समिति २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली. संस्था येतात, संस्था जातात. परंतु मुलांचे कान रितेच राहत नाहींत. आपण त्यांत कांहीं घातलें नाहीं, तर दुसरें कोणीतरी भलतेंच कांहीं ओतील. घरोघर पडदे लखलखत आहेत. पण त्यांतून बोलणारा मुलाला श्रोता समजतो कीं नुसतें गिऱ्हाईक, हें पाहणें वडील माणसांच्या हातीं आहे. आणि त्याहून सोपा एक उपाय आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतीलच कोणीतरी एक गोष्ट सांगावी. मात्र ‘मुलांचेंच तर आहे, चालेल’ असें न म्हणतां, मन लावून सांगावी.