सलग शतके



‘सेंच्युरी’ म्हटले की उल्हासनगरच्या माणसाला आधी शहाडचा रेयॉनचा कारखाना आठवतो, मग क्रिकेट. मी कामगारांत वावरलेला माणूस. क्रिकेटकडेही त्याच नजरेने पाहणार. ‘सलग’ हा शब्द आमच्याकडे फार मोलाचा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात 240 दिवस भरले की नोकरी सलग मानली. म्हणूनच 240 भरण्याआधी माणसाला ‘ब्रेक’ देण्याची युक्ती निघाली. सलग कामाने हक्क जमतो. तो जमू नये, एवढ्यासाठी!

मैदानावर उलटा न्याय आहे. कालच्या शतकातली एक धावही आजच्या खात्यावर चढत नाही. फळ्यावर पुन्हा शून्य असते, आणि गोलंदाज मात्र तुमचा अभ्यास करून आलेला असतो. म्हणून सलग शतकवाल्यांची यादी इतकी आखूड आहे.

तिच्या शिरोभागी वेस्ट इंडीजचे एव्हर्टन वीक्स. 1948-49 या काळात त्यांनी किंग्स्टनला 141, मग दिल्लीत 128, मुंबईत 194, कलकत्त्यात 162 आणि 101 अशी लागोपाठ पाच डावांत पाच शतके काढली. सहावे मद्रासला 90 वर हुकले. ते धावचीत झाले. आपल्यापैकी राहुल द्रविड, इंदूरला जन्मलेले मराठी घरचे. 2002 साली इंग्लंडमध्ये त्यांनी 115, 148, 217 आणि मग वानखेडेवर नाबाद 100 केल्या.

त्याही आधी सांगलीचे विजय हजारे. जानेवारी 1948 मध्ये अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघापुढे त्यांनी एकाच कसोटीत 116 आणि 145 धावा काढल्या. तरी भारत डावाने हरला. एकटा माणूस दोन्ही पाळ्या राबला म्हणून कारखाना चालत नाही, हे संघटनेच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

आता आपल्या रेल्वेमार्गावरचे उदाहरण घ्या. कांजूरमार्गच्या चाळीत वाढलेले विनोद कांबळी. 1993 साली इंग्लंडविरुद्ध 224, झिंबाब्वेविरुद्ध 227, श्रीलंकेविरुद्ध 125 : तीन लागोपाठ डाव, तीन निरनिराळे देश, तीन शतके. पुढे 1994 साली वेस्ट इंडीजच्या उसळत्या चेंडूंनी त्यांची परीक्षा पाहिली. नोव्हेंबर 1995 मध्ये ते शेवटची कसोटी खेळले, तेव्हा वय चोवीसही नव्हते. 17 कसोट्या, 1084 धावा, सरासरी 54.20. ही सरासरी उतरलेल्या माणसाची नव्हे.

कोणी म्हणेल, शिस्त कमी पडली. असेल. संघातली जागा हक्काने किंवा ज्येष्ठतेने मिळावी, असे मीही म्हणणार नाही. तसे झाले तर खेळच मरेल. पण उमेदीची वर्षे मोजकीच असलेल्या तरुणाला बाजू मांडायला, दुखापतीत आणि पडत्या काळात हात द्यायला कोणी असावे की नाही? 2019 साली क्रिकेटपटूंची संघटना झाली, तीही निवृत्तांची. खेळणाऱ्यांची अशी संघटना आपल्या देशात आजही नाही.

बदलापूर-अंबरनाथहून पहाटेच्या लोकलने किटबॅगा घेऊन निघणाऱ्या मुलांना ‘शतक ठोका’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शतकानंतरच्या शून्यावर त्यांच्याजवळ कोण उभे राहणार, याचा विचार आपण येथे जमलेल्यांनी करावा, एवढीच विनंती.