मॉरिशस : गुंतवणुकीआधीची पारख

मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून बरेच कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एवढ्या गिऱ्हाइकांवर मोठा कारखाना चालत नाही. तिथे भांडवल घालायचे ते बाहेरच्या बाजारपेठेसाठी. म्हणून आधी पाहायचे ते हे, की या बेटावरून माल आणि पैसा किती सहज बाहेर पडतो.

1968 साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा निर्यात जवळजवळ सगळी साखरेची होती. 1970 मध्ये निर्यातक्षम उद्योगांसाठी खास कायदा झाला आणि तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले. पुढे पर्यटन वाढले, वित्तसेवा आल्या. 1994 पासून परकीय चलनावर निर्बंध नाहीत. नफा मायदेशी नेता येतो. कंपन्यांवरचा मूळ प्राप्तिकर 15 टक्के.

मात्र सर्वांत जास्त फसगत होते ती कराच्या दराने. भारताशी असलेल्या करारामुळे, मॉरिशसमधील कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला तर त्यावर भारतात कर लागत नसे. केवळ पत्त्यापुरत्या कितीतरी कंपन्या त्यासाठीच तिथे निघाल्या. 2016 साली करारात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरांवर ही सवलत उरली नाही. दुसऱ्या देशाच्या निर्णयाने जी सवलत जाऊ शकते, तिच्या भरवशावर दीर्घकाळचा धंदा उभारणे धोक्याचे. 2020 च्या फेब्रुवारीत मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेने, एफएटीएफने, मॉरिशसला करड्या यादीत टाकले. 2021 च्या ऑक्टोबरात नाव निघाले, ते कारभार सुधारल्यानंतरच.

टिकाऊ बळ आहे ते न्यायव्यवस्थेत. कायद्यात फ्रेंच आणि इंग्रजी परंपरांचा मेळ आहे, आणि शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. वाद उद्भवला तर दाद कुठे मागायची, हे करार करतानाच स्पष्ट असते. परक्या गुंतवणूकदाराला याचे मोल करसवलतीहून अधिक वाटले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी तिथे मराठी जपली आहे. ही आपुलकी ओळखीपाळखीला उपयोगी. ताळेबंदात धरायची नाही.

जोखीम समुद्राचीही आहे. इंधन आणि बरेचसे अन्नधान्य आयात होते, चक्रीवादळे येतात. जुलै 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळखडकावर अडकले आणि त्यातील तेल आग्नेय किनाऱ्यावर पसरले. पर्यटन तेव्हा साथीमुळे आधीच थंडावलेले होते. हॉटेलात किंवा मत्स्यव्यवसायात पैसा घालणाऱ्याने विमा, मालवाहतूक आणि उत्पन्नाविना जाणारे महिने यांचा खर्च सुरुवातीच्याच अंदाजपत्रकात धरावा.