गोल्डस्मिथचें गांव आणि आमची वाडी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या मेळाव्यांत वाचलेलें भाषण)



'शिक्षण आणि युवक' या विषयावर आम्हीं दहा मिनिटें बोलावें अशी महोत्सव-समितीची आज्ञा झाली. विषय थोर आहे. परंतु ज्यांनीं शाळेंत उभा जन्म खडू झिजविला अशी मंडळी समोर बसली असतां, इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए.च्या वर्गांत धडपडणाऱ्या आमच्यासारख्यानें शिक्षणावर प्रवचन करावें हें शोभणार नाहीं. यास्तव समितीची क्षमा मागून आम्ही केवळ एका निबंधाविषयीं बोलणार आहों. तो निबंध गेल्या वर्षीं आम्हांस वर्गांत घालण्यांत आला. तो आम्हांस दोनदां लिहावा लागला, आणि दुसऱ्यांदां लिहितांना आमच्या घरांत जें बोलणें झालें तसलेंच बोलणें या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांत आज चालूं आहे.

इंग्रजीच्या तासाचें प्रारंभीं आम्हांस मोठें भय वाटे. मराठी शाळेंतून गेलेल्या मुलाला त्या तासाला दोन भाषा शिकाव्या लागतात. एक पुस्तकांतली आणि दुसरी शेजारच्या बांकावरील मुलांची! पहिलीपेक्षां दुसरी अवघड. शिवाय पुस्तकांत बर्फ, शेकोटी, ओक वृक्ष आणि डॅफोडिलचीं फुलें यांची रेलचेल. ज्या फुलाचा वास आम्हीं कधीं घेतला नाहीं त्यावर आम्हीं शाळेंत असतांना वीस ओळी लिहून शाबासकी मिळविली होती. आणि ज्या मोगऱ्याच्या कळ्या अंधारांत खुडून आमची आजी पहिल्या लोकलनें दादरच्या बाजारीं नेत असे, त्या मोगऱ्यावर मात्र आजतागायत एक ओळही लिहिली नव्हती. त्यांत कांहीं चुकत आहे असें आम्हांस तेव्हां वाटलेंही नाहीं.

असो. निबंधाचा विषय होता ऑलिव्हर गोल्डस्मिथ या कवीचें 'ओसाड गांव' हें काव्य. १७७० सालीं प्रसिद्ध झालेलें हें चारशें तीस ओळींचें काव्य. कवी आयर्लंडांत एका पाद्र्याच्या घरीं वाढला, डब्लिनच्या कॉलेजांत श्रीमंत विद्यार्थ्यांचीं हलकीं कामें करून फीची सवलत घेत शिकला, आणि पुढें लंडनांत मिळेल तें लिहून पोट भरूं लागला. त्या काळीं इंग्लंडांत सामाइक कुरणांना कुंपणें घालून तीं धनिकांच्या मालकीचीं करण्याचा सपाटा चालला होता. पार्लमेंट त्यासाठीं एकामागून एक कायदे करीत होतें. ज्या जमिनीवर गरिबाची गाय चरे, तेथें एखाद्या श्रीमंताचें तळें आणि बाग झाली. गांवकरी उठून शहरांत गेले, कांहीं गलबतांत बसून अमेरिकेंत जॉर्जियाकडे गेले. कवीनें आपल्या गांवाला 'ऑबर्न' असें नांव दिलें आहे. तेथील हिरवें पटांगण, खानावळ, शाळामास्तर, धर्मोपदेशक हे सर्व तो आठवतो आणि हळहळतो.

हें सारें आम्हीं पहिल्या निबंधांत लिहिलें. खरें सांगावयाचें तर लिहिलें नाहीं, जमविलें. अर्धें बाजारांतल्या गाइडांतून घेतलें. उरलेलें, सांप्रत विषय सांगतांच क्षणांत पानेंच्या पानें लिहून देणारें जें यंत्र निघालें आहे, त्याच्याकडून घेतलें. भाषा मोठी सफाईदार होती. व्याकरणाची एक चूक नव्हती. आमच्या प्राध्यापिका बाईंनीं वही परत दिली तेव्हां गुणांची जागा रिकामी होती आणि खालीं तांबड्या शाईनें एवढेंच विचारलें होतें कीं, "तुम्ही कोणतें गांव पाहिलें आहे?"

आम्हांस राग आला. लाजेचा पहिला अवतार बहुधा रागाचाच असतो. आम्ही वसईच्या वाडींत जन्मलों, गांव पाहिलें नाहीं असें कसें! परंतु बाईंनीं तें कोठें म्हटलें होतें? पाहिलेल्या गांवाचा निबंधांत मागमूस नाहीं, एवढेंच त्यांनीं दाखविलें. पुन्हां लिहून आणण्यास त्यांनीं पंधरा दिवसांची मुदत दिली आणि अट घातली कीं, काव्य प्रथम घरांतल्या कोणास तरी आपल्या बोलींत सांगावें, मगच लेखणी उचलावी.

येथें आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण झाली. इंग्लंडांत जन्मलेला हा येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आला, आपली भाषा शिकला आणि तींत त्यानें 'ख्रिस्तपुराण' रचलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ सालीं, रोमन अक्षरांत कां होईना, छापला गेला. एक इंग्रज ख्रिस्ताची कथा घेऊन मराठींत आला, आणि आम्हांस एका इंग्रजी कवीचें गांव कादोडींत नेतां येईना! दोन दिवस शब्दच सुचले नाहींत. इंग्रजींत जें आपणांस 'समजलें' असें वाटत होतें, तें आईच्या भाषेंत सांगूं जातां हातीं कांहींच लागेना.

शेवटीं एका रात्रीं जपमाळ झाल्यावर ओटीवर आजोबांपुढें बसलों. आजोबा ऐंशीच्या पुढचे. आम्हीं सुरुवात केली, कवी पाद्र्याचा मुलगा होता. आजोबांच्या भुवया वर गेल्या. तो प्रॉटेस्टंट पाद्री होता हें आधीं सांगावें लागलें, तेव्हां कथा पुढें सरकली. शाळामास्तराचें वर्णन त्यांस फार आवडलें. एवढ्याशा डोक्यांत एवढी विद्या कशी मावते म्हणून गांव थक्क होतो, यावर ते मनसोक्त हंसले. जॉर्जियाच्या रानांत कवीनें दबा धरून बसलेले वाघ घातले आहेत आणि अमेरिकेंत तर आपल्यासारखा वाघ नाहीं, हें सांगतांच म्हणाले, "म्हणजे तोही न पाहतांच लिहीत होता म्हणावयाचा!" आमच्या डॅफोडिलांस तेवढाच आधार मिळाला.

मग त्यांनीं विचारलें, "पोरा, त्या गांवांत पाणी कोण काढीत होता?"

आम्हीं पुस्तक चाळलें. पटांगणावरचे खेळ आहेत, नाच आहे, संध्याकाळचे आवाज आहेत. पाणी काढणारा सांपडेना. आजोबा म्हणाले, "नऊ वर्षांचा असल्यापासून मी रहाटाच्या रेड्यामागें फिरलों. पहांटेच्या थंडींत. बावखलांतलें पाणी पोहऱ्यापोहऱ्यानें पन्हळींत, पन्हळींतून केळींना. गाणींबिणीं नंतरचीं. तुझा कवी बहुतेक सुट्टीलाच गांवीं जात असावा." हें आम्हीं पुढें बाईंस सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या कीं, नेमका हाच आक्षेप जॉर्ज क्रॅब नांवाच्या कवीनें १७८३ सालीं 'गांव' या काव्यांत घेतला आहे, आणि खेड्यांतील कष्ट व दैन्य जसें आहे तसें मांडलें आहे. क्रॅबचें नांव आजोबांनीं ऐकलें नव्हतें. त्याची आवश्यकताही नव्हती.

गांवांतल्या धर्मोपदेशकाचा भाग आला तेव्हां मात्र आजोबा गंभीर झाले. वर्षाला चाळीस पौंडांवर सुखी असलेला तो मनुष्य. त्याच्या चित्रांत कवीनें, असें म्हणतात, आपला भाऊ हेन्री पाहिला होता; हेन्रीही पाद्री होता आणि काव्य निघण्यापूर्वीं दोन वर्षें वारला होता. आजोबांस आपल्या या धर्मग्रामाच्या प्रारंभींचे फादर आठवले. तेव्हां देवळाला धड छप्पर नव्हतें. पावसांत गुडघाभर पाण्यांतून सायकल खांद्यावर घेऊन ते आमच्या पणजीच्या अंत्यविधीपूर्वींच्या अभ्यंगासाठीं आले होते, आणि परत जातांना वाडींतल्या बायांनीं दिलेलीं सुकेळीं त्यांनीं वाटेंतच मुलांना वाटून टाकलीं. ही हकीगत आमच्या घरांत त्यापूर्वीं कोणी सांगितली नव्हती. ती बाहेर काढण्यास अडीचशें वर्षांपूर्वींचा एक आयरिश कवी यावा लागला.

काव्यांत पुढें एक म्हातारी विधवा येते. सगळें गांव उठून गेलें. ती एकटी उरली आहे आणि ओढ्यांतला पाला खुडून पोट भरते. आजोबांनीं विचारलें, "तिचीं मुलें कोठें गेलीं?" काव्यांत तें सांगितलेलें नाहीं, असें आम्हीं म्हटलें. आजोबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

आतां घरांतली गोष्ट सांगावयास हवी. तिच्यावांचून निबंधाचा उलगडा होणार नाहीं. त्याच आठवड्यांत बावखलाकडच्या बारा गुंठ्यांसाठीं एक मध्यस्थ आमच्या घरीं दोनदां येऊन गेला होता. करारनाम्याचा मसुदा कपाटांत होता. यापूर्वीं पांच गुंठे विकून ताईचें लग्न झालें आणि आमच्या कॉलेजाची फी भरली गेली. म्हणजे ज्या पुस्तकांतून आम्ही ओसाड गांवाबद्दल हळहळण्यास शिकत होतों, तें पुस्तक त्या पांच गुंठ्यांच्याच पैशानें आलेलें होतें! गाइडांत हें कोठून असणार?

गोल्डस्मिथच्या गांवाचा नाश बाहेरच्या श्रीमंतानें केला. आपल्याकडे तसें म्हणण्याचा मोह होतो, आणि त्यांत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. गेल्या शतकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनीं 'हरित वसई'साठीं जो लढा उभारला, तो काय स्वप्नांतल्या शत्रूशीं होता? २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली; २०११ च्या शिरगणतींत तिची वस्ती बारा लाखांवर भरली. एवढ्या माणसांस घरें हवींत, पाणी हवें. परंतु आजोबांनीं त्या रात्रीं जें सांगितलें तें आम्हीं निबंधांत जसेंच्या तसें घातलें: "आपली जमीन कोणी दांडगाईनें घेतली नाहीं. कागदावर सह्या आपल्याच आहेत."

वडील दारांत उभे होते. ते आंत आले आणि त्यांनीं आपली बाजू सांगितली. तीही आम्हीं लिहिली, कारण ती लिहिली नसती तर निबंध खोटा झाला असता. विहिरीचें पाणी मचूळ झालें आहे. केळीस भाव आला तर माणूस मिळत नाहीं, माणूस मिळाला तर भाव नसतो. चुलते आखातांत, ते परतून नांगर धरणार नाहींत. हें सांगून ते आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "तूं बी. ए. होऊन वाडींत उतरणार आहेस काय? हो म्हण, मी उद्यां तो कागद फाडतों."

आम्ही गप्प बसलों. गोल्डस्मिथ आमच्या मांडीवर उघडा पडला होता.

आमची समजूत होती कीं, वाङ्मय शिकणें म्हणजे दुसऱ्यांच्या दुःखाबद्दल चांगलें बोलतां येणें. त्या रात्रीं वाङ्मयानें आम्हांस प्रश्न विचारला आणि तो आमच्या वडिलांच्या तोंडून विचारला. तो गप्प बसण्याचा क्षण आम्हीं निबंधांत लिहिला. इंग्रजी मोडकें झालें. यंत्राकडून तें सुधारून घेण्याचा मोह आंवरला. बाईंनीं वीसपैकीं बारा गुण दिले, अकरा चुकांस तांबड्या रेघा मारल्या, आणि गप्प बसण्याच्या परिच्छेदाशेजारीं लिहिलें कीं, हा तुमचा आहे.

या काव्याविषयीं एक गोष्ट गमतीची आहे. त्याच्या शेवटच्या चार ओळी गोल्डस्मिथच्या नव्हेत. त्या त्याचा मित्र डॉक्टर जॉन्सन यानें लिहून दिल्या, असें खुद्द जॉन्सननें बॉस्वेलजवळ सांगितलें होतें. एवढ्या थोर कवीस शेवटासाठीं मित्राचा हात लागला, तर आम्हांस लागण्यांत लाज कसली? म्हणून निबंधाच्या शेवटाशीं येऊन अडलों तेव्हां आम्हीं आजोबांस म्हटलें, शेवट तुम्ही सांगा. ते म्हणाले, "मला काय ठाऊक? तुझ्या बापाला विचार."

आम्हीं अजून विचारलेलें नाहीं. निबंध शेवटावांचूनच दिला. कागद कपाटांतच आहे. त्यावर सही झालेली नाहीं आणि तो फाडलेलाही नाहीं. बावखल यंदां काठोकाठ भरलें. वडील आज येथें तिसऱ्या रांगेंत बसले आहेत.